बळ वाढवलं, सुळा थांबला: नागपूरमधील एक ऑर्थोडॉन्टिक प्रकरण

तारा लावून दात सरकवण्याच्या, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक, उपचारात वरच्या दोन्ही पहिल्या उपदाढा काढून सुळे मागे नेण्याचं काम सुरू आहे. पहिले तीन महिने दोन्ही बाजूंची जागा दरमहा पाऊण ते एक मिलिमीटरने बंद होते. चौथ्या महिन्यापासून उजवा सुळा जवळपास थांबतो, तर डावा सरकण्याऐवजी मागे कलायला लागतो. स्प्रिंग तीच, तार तीच. अशा वेळी बळ वाढवावं असंच आधी सुचतं. या प्रकरणात तेच झालं आणि त्यामुळे दोन्ही दात अधिक अडचणीत आले.

दात सरकण्याचा वेग दाताचं मूळ हाडाला बांधणाऱ्या लिगामेंटमधल्या रोगप्रतिकारक संदेशांवर ठरतो आणि स्प्रिंग फक्त त्या संदेशांना सुरुवात करून देते, हे पाठ्यपुस्तकात प्रत्येक दंतवैद्याने वाचलेलं असतं. खुर्चीशेजारी त्याचा उपयोग कसा करायचा हे मात्र फारसं कोणी दाखवत नाही. त्यासाठी हे प्रकरण शेवटपर्यंत मांडलं आहे. अनेक रुग्णांत वेगवेगळ्या वेळी दिसणाऱ्या गोष्टी इथे शिकवण्यासाठी एकाच रुग्णात एकत्र केल्या आहेत. त्यामुळे यातली व्यक्ती खरी नाही. आकडे रोजच्या कामात भेटतात त्याच मर्यादेतले आहेत.

रुग्ण

वय ३१, पुरुष. राहायला मानेवाड्यात, काम बुटीबोरी एमआयडीसीत मशीन ऑपरेटरचं, पाळ्यांमध्ये, दिवसाचे आठ तास उभं राहून. तक्रार पुढे आलेल्या दातांची. ओव्हरजेट, म्हणजे वरचे दात खालच्यांच्या पुढे, ८ मिमी, दाढांचं नातं वर्ग २ (वरच्या दाढा खालच्यांच्या मानाने पुढे), खालचा जबडा जवळपास व्यवस्थित. योजना सरळ होती: वरच्या पहिल्या उपदाढा काढायच्या, दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना १.५ मिमी जाडीचा, ८ मिमी लांबीचा मिनीस्क्रू (हाडातला तात्पुरता छोटा स्क्रू) बसवायचा आणि त्याच्या आधाराने सुळे मागे न्यायचे. ब्रॅकेटमधला तारेचा स्लॉट (खाच) ०.०२२ इंची, सुळे मागे नेताना ०.०१८ इंची स्टीलची गोल तार, मिनीस्क्रूपासून थेट सुळ्याच्या हुकपर्यंत १५० ग्रॅमची निकेल-टायटॅनियम बंद स्प्रिंग.

सुरुवातीच्या अर्जात ‘चालू औषधं’ या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं आणि त्या दिवशी ते खरं होतं. सहाव्या महिन्याच्या शेवटी, जागा बंद होत नाही म्हणून, रुग्ण दुसऱ्या मतासाठी आला. त्याआधी पाचव्या महिन्यात स्प्रिंग बदलून बळ वाढवलं गेलं होतं. डॉन्ट्रिक्स गेजवर (बळ मोजायच्या साधनावर) मोजलं तेव्हा उजवीकडे २६० आणि डावीकडे २४० ग्रॅम भरलं.

मोजमाप

दर चार आठवड्यांनी घेतलेली मॉडेल्स उपलब्ध होती, हे या प्रकरणातलं मोठं सुदैव. सुळ्याची मागची कड ते दुसऱ्या उपदाढेची पुढची कड हे अंतर डिजिटल कॅलिपरने मोजलं. फक्त एवढ्यावर थांबलं तर सुळा मागे आला की दाढ पुढे आली हे कळत नाही. म्हणून टाळूवरच्या तिसऱ्या वळीचं आतलं टोक स्थिर खूण धरून सुळा आणि दाढ यांची जागा वेगळी तपासली. दाढा हलल्या नव्हत्या. सुरुवातीची जागा दोन्ही बाजूंना ६.५ मिमी.

| महिना | उजवा सुळा (मिमी) | डावा सुळा (मिमी) |
|---|---|---|
| १ | ०.९ | ०.८ |
| २ | ०.८ | ०.९ |
| ३ | ०.९ | ०.८ |
| ४ | ०.४ | ०.५ |
| ५ (बळ वाढवलं) | ०.२ | ०.६ |
| ६ | ०.१ | ०.५ |

उजवीकडे ३.२ मिमी जागा शिल्लक, डावीकडे २.४. वरवर पाहता डावी बाजू बरी वाटते. पण डाव्या सुळ्याचा शेंडा मागे आला होता आणि मूळ जवळपास जागेवरच होतं. बोटाने दाबल्यावर तो तीन श्रेणींपैकी श्रेणी २ इतका हलत होता. आरव्हीजी एक्स-रेमध्ये डाव्या सुळ्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा काठ मुळाच्या टोकाकडे सरकलेला, उजव्या सुळ्याच्या मुळाचं टोक किंचित बोथट झालेलं. रुग्णाला दुखत मात्र नव्हतं. २५० ग्रॅमच्या आसपास बळ लावलेल्या, हलणाऱ्या दाताबद्दल रुग्ण काहीच तक्रार करत नसेल, तर ती न दुखण्याची गोष्टच शोधाची सुरुवात असायला हवी.

लिगामेंटमध्ये एरवी काय घडतं

दाताचं मूळ आणि हाड यांच्या मधलं पेरिओडॉन्टल लिगामेंट सुमारे पाव मिलिमीटर जाडीचं असतं. बळ लागताच एका बाजूला ते दबतं, दुसऱ्या बाजूला ताणलं जातं. दाबाच्या बाजूला रक्तप्रवाह घटतो, ऑक्सिजन कमी पडतो. लिगामेंटमधल्या फायब्रोब्लास्ट पेशी आणि शेजारच्या हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट पेशी हा दाब ओळखतात. मज्जातंतूंच्या टोकांतून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी सुटतात, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पुढच्या काही तासांत सायक्लोऑक्सिजिनेज-२ हे विकर जागं होऊन प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होतं. सोबत पेशींमधले निरोप्या रेणू, म्हणजे सायटोकाइन: इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा. हिरडीच्या खाचेतल्या द्रवात इंटरल्यूकिन-१ बीटा साधारण २४ तासांच्या सुमारास शिखरावर जातं आणि आठवडाभरात पूर्वपदावर येतं.

या रेणूंची कामं वेगवेगळी आहेत आणि ती वेगळी ओळखण्यातच या प्रकरणाचं उत्तर आहे. सीसीएल२ सारखी केमोकाइन्स रक्तातल्या मोनोसाइट पेशींना त्या जागी बोलावतात. एम-सीएसएफ त्यांना जिवंत ठेवतं आणि वाढवतं. त्या पेशींवरच्या रँक या ग्राहकाला (रिसेप्टरला) रँकल हा रेणू चिकटला की त्या एकमेकींत मिसळून हाड विरघळवणारी मोठी पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, बनते. हे रँकल फायब्रोब्लास्ट, ऑस्टिओसाइट आणि टी पेशी पुरवतात. प्रोस्टाग्लँडिन ई२, इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा रँकलचं उत्पादन वाढवतात. याच्या उलट ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे ओपीजी, रँकलला वाटेतच धरून ठेवतं, त्यामुळे ते रँकपर्यंत पोचत नाही. दाबाच्या बाजूला रँकल वाढतं आणि ओपीजी घटतं. ताणाच्या बाजूला ओपीजी, टीजीएफ-बीटा आणि इंटरल्यूकिन-१० यांचं पारडं जड होऊन ऑस्टिओब्लास्ट नवं हाड घालतात.

प्रयोगांनी ही साखळी कडीकडीने तपासली आहे. उंदरांच्या तोंडात ओपीजीचं जनुक सोडलं तर दात सरकणं मंदावतं, रँकलचं सोडलं तर वेग वाढतो. टीएनएफचे ग्राहक नसलेल्या किंवा टी पेशी नसलेल्या उंदरांचे दात त्याच बळाखाली कमी सरकतात. माणसांतही इंटरल्यूकिन-१ बीटा आणि त्याला अडवणारं इंटरल्यूकिन-१ आरए यांच्या गुणोत्तराशी दात सरकण्याच्या वेगाचं नातं दिसलं आहे.

बळाचा आकडा इथे कुठे बसतो? हलकं बळ असेल तर लिगामेंटमधला रक्तप्रवाह पूर्ण थांबत नाही. दोन दिवसांच्या आसपास ऑस्टिओक्लास्ट थेट मुळासमोरच्या हाडावर कामाला लागतात. बळ जास्त झालं की रक्तवाहिन्या पूर्ण बंद होतात, तिथल्या पेशी मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा दिसणारा हायलिनाइज्ड पट्टा उरतो. सँडस्टेड यांनी १९०४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात हेच पाहिलं होतं. मेलेल्या पट्ट्यात संदेश द्यायला आणि घ्यायला कोणीच नसतं. मग ऑस्टिओक्लास्टना मागून, हाडाच्या मज्जेच्या बाजूने, पोखरत यावं लागतं आणि मॅक्रोफेज तो पट्टा साफ करेपर्यंत दात जागचा हलत नाही. याला सहज दोन ते चार आठवडे जातात, आणि सफाई करणाऱ्या याच पेशी मुळाच्या सिमेंटमवर, म्हणजे कठीण आवरणावरही, हात टाकतात.

श्वार्झ यांनी १९३२ मध्ये योग्य दाब केशवाहिन्यांतल्या दाबाइतका, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर २० ते २६ ग्रॅम, सुचवला होता. सुळे फक्त १८ आणि ६० ग्रॅम बळाने ८४ दिवस सरकवून पाहिलेल्या एका मानवी अभ्यासात सरासरी वेग दरमहा अनुक्रमे ०.८७ आणि १.२७ मिमी मिळाला आणि मधला थांबण्याचा टप्पाही टळला. थांबलेल्या सुळ्यावर २५० ग्रॅम लावण्याआधी हे आकडे आठवावेत.

आधी यंत्रणा तपासली

जैविक कारणाकडे वळण्याआधी साधी कारणं संपवणं गरजेचं होतं. मिनीस्क्रू दोन्हीकडे घट्ट. स्प्रिंग हिरडीत रुतलेली नाही. तार काढून ब्रॅकेटचे स्लॉट साफ केले, टार्टर आणि लाल-तपकिरी थर निघाला, त्याने घर्षण थोडं वाढलेलं असणार. तार वाकलेली होती, विशेषतः डावीकडे, कारण ०.०१८ इंची गोल तार एवढ्या बळाखाली सुळ्याजवळ धनुष्यासारखी झुकते. आर्टिक्युलेटिंग पेपर चावायला देऊन पाहिलं, खालच्या दाताचा अडथळा नव्हता. दोन्ही सुळ्यांवर आरशाच्या दांड्याने टकटक केल्यावर आवाज बोदा आला. दात हाडाला चिकटलेला, म्हणजे अँकिलोज्ड, असता तर आवाज खणखणीत धातूसारखा आला असता आणि तीन महिने तो सरकलाही नसता. दात काढलेल्या जागी हाडाची कड अरुंद झालेली नव्हती.

एवढं सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं. हे न करता सायटोकाइनच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

गोळ्यांचा पत्ता

‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर पुन्हा ‘नाही’च आलं. मग प्रश्न बदलला: अंगदुखी, डोकेदुखी, पाठदुखी यासाठी मेडिकलमधून काही आणता का? उत्तर: “औषध नाही घेत जी मॅडम. पाठीची गोळी तेवढी घेतो, कामावर जाताना आन् आल्यावर.” चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला मशीन बदललं, वाकून काम करावं लागायला लागलं आणि पाठ धरली. ओळखीच्या औषध दुकानातून अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ अशी जोडगोळी सुरू झाली. ‘दिवसाला किती’ हे विचारल्यावर लोक कमी सांगतात. ‘दहा गोळ्यांचा पत्ता किती दिवस पुरतो’ हे विचारलं की खरा आकडा मिळतो. इथे पत्ता पाच दिवसांत संपत होता, म्हणजे रोज दोन गोळ्या, जवळपास तीन महिने सलग.

अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही सगळी सायक्लोऑक्सिजिनेज अडवतात. प्रोस्टाग्लँडिन ई२ बनत नाही, रँकलला मिळणारा मोठा धक्का नाहीसा होतो, ऑस्टिओक्लास्ट कमी तयार होतात. उंदीरवर्गीय प्राण्यांत अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने दात सरकणं मंदावलं, पॅरासिटामॉलने नाही. कारण लिगामेंटसारख्या ऊतींमधल्या प्रोस्टाग्लँडिनवर पॅरासिटामॉलचा प्रभाव फार थोडा. तार आवळल्यानंतर एक-दोन दिवस घेतलेल्या आयबुप्रोफेनच्या दोन-तीन गोळ्यांनी उपचार थांबतो असं मात्र समजू नये. प्रश्न रोजच्या, आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या गोळीचा आहे.

आता उजव्या सुळ्याचा हिशेब लागतो. चौथ्या महिन्यात संदेश दबला, वेग निम्म्याहून खाली आला. पाचव्या महिन्यात बळ वाढलं, लिगामेंटमध्ये मेलेला पट्टा मोठा झाला, आणि तो साफ करायला येणाऱ्या पेशींची भरती गोळीने आधीच कमी केलेली. दात थांबला, मुळाचं टोक झिजायला लागलं. एरवी अशा बळाने रुग्ण दुखतंय म्हणून फोन करतो. तीच गोळी ती सूचनाही गिळून बसली होती. अतिबळ आणि मुळाची झीज यांचं नातं चांगलं तपासलेलं आहे: उपदाढांवर आठ आठवडे २२५ आणि २५ ग्रॅम बळ लावून पाहिलं तेव्हा जास्त बळाच्या दातांच्या मुळांवर झिजेचे खड्डे कितीतरी मोठे निघाले.

डावी बाजू वेगळी का वागली

गोळी साऱ्या शरीरात जाते, मग डावा सुळा का हलत होता? दात आणि हिरडी यांच्या मधलं पॉकेट (खोल झालेली खाच) प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईने, मोजल्यावर उत्तर मिळालं. डाव्या सुळ्याच्या मागच्या बाजूला ६ मिमी, दुसऱ्या उपदाढेच्या पुढे ५ मिमी, दोन्हीकडे प्रोब लावताच रक्त. उजवीकडे कुठेही ३ मिमीच्या वर नाही. डाव्या गालाच्या आत वरच्या खोबणीत हिरडी मुळाकडे सरकलेली आणि पांढुरकी. रुग्ण दिवसाला दोन-तीन पुड्या खर्रा खात होता आणि घोटलेला खर्रा डाव्या गालात धरून ठेवायची त्याला सवय. तंबाखू, सुपारी आणि चुना यांचा हा गोळा तासभर एकाच जागी बसतो. हिरडी भाजते, सरकते, सुपारीचा भुगा ब्रॅकेटभोवती अडकतो, ब्रश तिथे नीट फिरत नाही. विदर्भात ऑर्थोडॉन्टिक्स करताना खर्रा कोणत्या गालात धरता हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा, असं आमचं ठाम मत आहे.

पॉकेटमधल्या जिवाणूंच्या भिंतीतलं लिपोपॉलिसॅकराइड पेशींवरच्या टोल-लाइक ग्राहकांना चिकटतं आणि तिथूनही इंटरल्यूकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ सुटतात. टीएच१७ पेशी इंटरल्यूकिन-१७ आणतात. टी आणि बी पेशी रँकल पुरवतात. रेणू बरेचसे तेच आहेत, पण काम वेगळं होतं. ऑर्थोडॉन्टिक दाह निर्जंतुक असतो, मुळाच्या दबलेल्या बाजूपुरता असतो, आठवड्याभरात ओसरतो आणि त्यामागे हाड भरण्याचा टप्पा येतो. हिरडीचा दाह हाडाच्या काठावर ठाण मांडून बसतो, जिवाणू आहेत तोवर ओसरत नाही आणि गेलेल्या हाडाची भरपाई करत नाही. गोळीने प्रोस्टाग्लँडिन थोपवलं, जिवाणू आणि टी पेशी आपल्या जागी राहिले.

हाडाचा काठ असा सरकला की दाताला धरणारं मूळ आखूड होतं आणि दाताचं प्रतिकारकेंद्र, म्हणजे जिथे ढकललं तर दात न कलता सरकेल तो बिंदू, मुळाच्या टोकाकडे सरकतं. ब्रॅकेटवर तेच बळ लावलं तरी कलवणारा आघूर्ण (फिरवणारा जोर) वाढतो. म्हणून डावा सुळा पडत्या खांबासारखा मागे झुकला. कलताना दाताबरोबर हिरडीवरचं किटण पॉकेटमध्ये ओढलं जातं आणि दाह आणखी खोल जातो. मॉडेलवरचे ०.५ आणि ०.६ मिमी म्हणजे प्रगती नव्हती, हाड गमावल्याची नोंद होती.

हिरडीतल्या द्रवातले सायटोकाइन मोजायला हवे होते का? संशोधनात ते असं मोजतात: दात कापसाने कोरडा करायचा, कागदी पट्टी खाचेत सुमारे १ मिमी आत ३० सेकंद ठेवायची, पेरिओट्रॉन या यंत्रावर द्रवाचं घनफळ मोजायचं, मग एलायझा चाचणीने रेणू मोजायचे. पट्टीला रक्त लागलं की ती फेकून द्यायची. ज्या पॉकेटमधून स्पर्श होताच रक्त येतं तिथे ही चाचणी कामाचीच नाही, आणि आलेल्या आकड्यात ऑर्थोडॉन्टिक दाह किती आणि जिवाणूंचा किती हे वेगळं काढता येत नाही. दवाखान्यात प्रोब आणि दोन नेमके प्रश्न याहून जास्त सांगतात.

उपचार

त्याच दिवशी दोन्ही स्प्रिंग काढल्या. वाकलेली तार बदलून जागेवर बसणारी, निष्क्रिय तार टाकली आणि सुळा व दुसरी उपदाढ ०.०१० इंची लिगेचरने (बांधायच्या बारीक तारेने) आठच्या आकड्यात सैलसर बांधली, जेणेकरून जागा परत उघडू नये. मुळाचं टोक झिजताना दिसलं की दोन ते तीन महिने बळ पूर्ण बंद ठेवायचं. या काळात सिमेंटमचे खड्डे भरून यायला वाव मिळतो. इथे बारा आठवडे थांबायचं ठरलं. उतावीळ रुग्णाला हे पटवणं कठीण जातं. एक्स-रे समोर धरून बोथट टोक दाखवलं की बोलणं सोपं होतं.

पाठदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी थांबवणं हा दंतवैद्याने परस्पर घ्यायचा निर्णय नव्हे. इथे मणक्याचा आजार निघाला नाही. व्यायाम, कामाच्या टेबलाची उंची वाढवणं आणि गरज पडली तरच पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, असं त्यांनी ठरवलं. अ‍ॅसिक्लोफेनॅकचा शरीरातला अंश काही तासांतच अर्धा होतो, त्यामुळे गोळी बंद झाल्यावर अडथळा फार दिवस रेंगाळत नाही. हृदयरोगासाठी ७५ मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन घेणारा रुग्ण असेल तर मात्र दातांच्या वेगासाठी तिला हात लावायचा नाही.

हिरडीचं काम लगेच सुरू झालं. एचबीए१सी ५.४, म्हणजे मधुमेहाची अडचण नव्हती. वरच्या डाव्या बाजूला भूल देऊन अल्ट्रासॉनिक आणि क्युरेटने मुळं खोलवर साफ केली, उरलेल्या तोंडाचं स्केलिंग दुसऱ्या भेटीत. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा ३० सेकंद, दोनच आठवडे. जास्त दिवस चालवलं तर दात काळवंडतात आणि चव जाते. तारेखालून फिरणारा इंटरडेंटल ब्रश रोज रात्री. खर्चाची अडचण असलेल्यांना हे काम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (‘मेडिकल’च्या) परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात करून घेता येतं.

खर्रा सोडण्यासाठी तारीख ठरवून दिली आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक, १८००-११२-३५६, लिहून दिला. तोंड उघडण्याचं अंतर ४१ मिमी, गालात ताठर पट्टे नाहीत, पांढरे चट्टे नाहीत, हे नोंदवलं. ब्रॅकेट असताना ही तपासणी दर भेटीला करावी, कारण तोंड आखडायला लागलं तर बँड बसवणं, स्क्रू काढणं सगळंच अवघड होत जातं.

आठ आठवड्यांनी पुन्हा प्रोबिंग: डाव्या सुळ्यामागे ४ मिमी, उपदाढेपुढे ३ मिमी, रक्त नाही. हलणं श्रेणी १ वर आलं. पॉकेट ४ मिमीच्या वर असेल किंवा तिथून रक्त येत असेल तोवर त्या दातावर बळ लावायचं नाही, हा नियम पाळला.

पुन्हा सुरुवात

बारा आठवड्यांनंतर उजवीकडे ०.०१९ × ०.०२५ इंची स्टीलची तार आणि १०० ग्रॅम. गेजवर मोजल्याशिवाय स्प्रिंग सोडायची नाही; पाकिटावरचा आकडा ताणलेल्या लांबीनुसार बदलतो. इलास्टिक चेन टाळली, कारण पहिल्याच दिवसात तिचं बळ निम्म्यावर येतं आणि ते उरेल म्हणून सुरुवातीला जास्त ताणण्याचा मोह होतो. चार-चार आठवड्यांची मोजमापं अशी आली: ०.५, ०.८, ०.९, ०.८ मिमी. उरलेले ०.२ मिमी पाचव्या महिन्यात बंद झाले. पहिल्या महिन्यातला ०.५ हा आकडा पाहून स्प्रिंग बदलायची नाही. नव्याने बळ लागल्यावर संदेश, भरती आणि ऑस्टिओक्लास्ट तयार होणं ही साखळी पुन्हा पहिल्यापासून चालते.

डावीकडे आधी कललेला सुळा उभा करायचा होता. निकेल-टायटॅनियमच्या ०.०१६ इंची गोल तारेपासून ०.०१९ × ०.०२५ इंची आयताकृती तारेपर्यंत टप्प्याटप्प्याने गेलो, आठ आठवडे. या काळात जागा ०.३ मिमीने परत उघडून २.७ झाली, ते अपेक्षितच होतं. मग स्टीलच्या आयताकृती तारेवर ७ मिमी उंचीचा पॉवर आर्म (हिरडीच्या दिशेने जाणारा हुकाचा दांडा) सुळ्याला जोडून ६० ग्रॅम. पॉवर आर्ममुळे बळाची रेषा प्रतिकारकेंद्राच्या जवळ जाते आणि मूळही सोबत येतं. एवढ्या थोड्या बळात घर्षण परवडत नाही, म्हणून सुळ्यावर इलास्टिक मॉड्यूल न वापरता स्टील लिगेचर सैल ठेवलं आणि दर भेटीला तार पुसून घेतली. मोजमापं: ०.५, ०.६, ०.६, ०.५, ०.५ मिमी. उजव्यापेक्षा हळू, पण सुळा उभाच्या उभा आला आणि हिरडीतून रक्त आलं नाही.

गोळी बंद करणं, हिरडीचा उपचार आणि बळ कमी करणं ही तिन्ही कामं एकाच वेळी झाली. कोणत्या एकाने किती फरक पडला असा वाटा या एका प्रकरणावरून काढू नये. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर तिन्ही एकदम करणंच योग्य होतं.

वेग वाढवण्याच्या उपायांबद्दल

या रुग्णाला मधल्या काळात हाडाला बारीक छिद्रं पाडून दात लवकर सरकवण्याचा उपाय सुचवला गेला होता. त्यामागची कल्पना खरी आहे. हाडाला इजा झाली की त्या भागात सायटोकाइन वाढतात आणि हाडाची उलाढाल काही काळ वेग घेते. फ्रॉस्ट यांनी १९८३ मध्ये हीच घटना मांडली. कॉर्टिकोटॉमीने (हाडाच्या बाहेरच्या थराला काप देण्याने) काही महिने वेग वाढतोही. पण एकीकडे गोळीने संदेश दाबायचा आणि दुसरीकडे छिद्रांनी तो पेटवायचा, याला उपचार म्हणता येत नाही. शिवाय डावीकडे ६ मिमी पॉकेटशेजारी हाडाला छिद्र पाडणं म्हणजे जिवाणूंना वाट करून देणं. कंप देणाऱ्या उपकरणांचा फायदा यादृच्छिक चाचण्यांत दिसलेला नाही. त्यावर रुग्णाचे पैसे खर्च करू नयेत.

याच साखळीत इतर औषधंही हात घालतात, ती थोडक्यात. रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडाची उलाढाल बदलते, दातही बदललेल्या वेगाने वागतात. संधिवातासाठी अ‍ॅडालिमुमॅब टीएनएफ रोखतं, टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक अडवतं. असा रुग्ण आला तर संधिवाततज्ज्ञांशी बोलून, हलक्या बळाने, दातांकडून कमी अपेक्षा ठेवून काम करावं. हाडांच्या ठिसूळपणावरचं डेनोसुमॅब थेट रँकललाच बांधतं, ६० मिग्रॅचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी दिलं जातं, आणि ते आपल्या सांगण्यावरून कधीही थांबवू नये, कारण अचानक बंद केल्यावर हाड झपाट्याने झिजून मणके मोडू शकतात. अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घेतलेल्यांत हे हाडाची झीज रोखणारं औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. तिथे दात काढण्याची योजनाच पुन्हा तपासावी.

शेवटची नोंद

दोन्ही जागा बंद झाल्यावर पुढचे चार दात मागे घेण्याचं काम त्याच पद्धतीने, मोजून लावलेल्या बळाने पूर्ण झालं. आरव्हीजीमध्ये उजव्या मुळाची झीज वाढलेली नव्हती. डावीकडचा हाडाचा काठ होता तिथेच राहिला, गेलेलं हाड परत आलं नाही. ब्रॅकेट काढताना वर सुळ्यापासून सुळ्यापर्यंत पक्का रिटेनर (दात जागेवर धरणारी तार) चिकटवला, कारण लिगामेंटच्या तंतूंची नवी मांडणी व्हायला तीन-चार महिने आणि हाडाच्या काठावरच्या तंतूंना वर्षभर लागू शकतं. हिरडीची तपासणी आणि सफाई दर तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी डाव्या सुळ्याची सहा जागी खोली मोजायची, खर्रा पुन्हा सुरू झाला का ते विचारायचं, आणि गोळ्यांचा पत्ता किती दिवस पुरतो हेही.